हरकतदार मालनबाई

उंबरमळ्याच्या चावडीपुढं त्या दिवशी सकाळपासून घोंगड्या पसरल्या होत्या. दौंडात पंचायत समिती निघून दोन-अडीच वर्षं झाली होती आणि तिकडून नवा हुकूम आला होता: लांब धाग्याच्या कापसाला ज्यांना ज्यांना सरकारनं अनुदान दिलं, त्यांची नावं, एकर आणि रक्कम ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची, आणि मग तीच यादी चावडीच्या भिंतीला डकवायची. लपवाछपवी नको, कुणाला किती मिळालं ते सगळ्या गावाला कळू दे, असं त्यामागचं म्हणणं.

एरवी ग्रामसभेला पंधरा-वीस टाळकी जमायची. त्या दिवशी मुंग्यांसारखी माणसं आली. दुसऱ्याला किती मिळालं हे ऐकायला कोण घरी बसतंय? बायासुद्धा आल्या आणि चावडीच्या उजव्या अंगाला, चिंचेच्या सावलीत पदर सावरून बसल्या. त्यांत मच्छिंद्र ताकवण्याची बायको मालनबाई होती, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून सुलतानबी मुलाणी बसली होती. दोघींची शेतं बांधाला बांध लागून. दोघी एकाच साली नवऱ्या म्हणून गावात आलेल्या. एकीच्या घरी कालवण कमी पडलं तर दुसरीच्या घरून वाटी यायची, असा बावीस वर्षांचा शेजार.

ग्रामसेवक यादी वाचू लागला.

"मच्छिंद्र गेणबा ताकवणे. पाच एकर. रुपये दीडशे."

पुरुषांत बसलेल्या मच्छिंद्रानं मिशीवरून हात फिरवला. मालनबाईलाही बरं वाटलं. आणखी चार-सहा नावं झाली. मग ग्रामसेवक थांबला, त्यानं कागद जरा जवळ धरला आणि म्हणाला, "सुलतानबी इलाही मुलाणी. दोन एकर. रुपये साठ. ह्या स्वतः वहिवाट करतात. मंडळी, आपल्या भागातल्या सगळ्या याद्या मी बघितल्या, त्यांत बाईमाणूस एवढं एकच हाय."

सगळ्या मुंड्या चिंचेकडं वळल्या. सरपंच मारुतराव कौतुकानं म्हणाले, "वाजवा की टाळ्या! भाभी, उभ्या ऱ्हावा. सांगा बरं, एकट्या बाईनं हे कसं जमवलं?"

सुलतानबी लाजत उभी राहिली. कुणी तिला आजवर चारचौघांत काही विचारलं नव्हतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "काय सांगायचं दादा? केलं आपलं. अल्लाची दया, आन् हे दोन हात."

टाळ्या पडल्या. मालनबाईचे हात मांडीवरच राहिले.

हे दोन हात! मालनबाईच्या डोक्यात ते शब्द गोचिडीसारखे बसले. सुलतानच्या हातांना कापूस म्हणजे काय ते ठाऊक तरी होतं का? पाटाच्या पाण्याच्या ह्या मुलखात सगळा जन्म ज्वारी आणि गूळ करण्यात गेलेला. कापूस ठाऊक होता तो मालनबाईला. तिचं माहेर शिरूरकडचं, घोडनदीच्या काठचं. तिचा बाप दरसाल कापसाची गाडी भरून घोडनदीच्या पेठेत न्यायचा, आणि ती परकराची होती तेव्हापासून कापसात वाढलेली.

गेल्या जेठात शेतकी खात्याचा माणूस बियाणं वाटून गेला तेव्हा सुलतानबी सरकीचं पोतं पुढ्यात घेऊन रडकुंडीला आली होती. "मालन, हे कसं गं पेरायचं? सगळं एकमेकाला चिकटलंय." तेव्हा कोण बसलं होतं तिच्या अंगणात? मालनबाईनंच शेणकाला केला, त्यात राख टाकली आणि सरकी चोळून चोळून दाणा न् दाणा मोकळा करून दाखवला. कुठल्या अंतरावर टोकायचं ते दोरीला गाठी मारून दाखवलं. पहिल्या पावसानं रोपं दडपली तेव्हा रिकाम्या जागी पुन्हा टोकून नांगं भरायला तिनंच लावलं. शेंडा कधी खुडायचा, पाणी कधी तोडायचं, मावा पडला तर काय करायचं... सगळं. आणि सभेत काय? अल्लाची दया आणि दोन हात. अल्लाचं नाव घेतलं ते ठीक, त्याच्या मागं मालनचं नाव जोडायला काय जीभ झडत होती?

घरी आल्यावर तिनं भाकरी अशा थापल्या की शेजारच्या घरात आवाज जावा. मच्छिंद्र खुशीत होता. "दीडशे म्हंजी गावात तिसरा नंबर आपला," तो म्हणाला.

"आपला म्हंजी कुणाचा?"

"आपला म्हंजी... आपल्या घराचा."

"यादीत घराचं नाव हुतं का? मला तर मच्छिंद्र गेणबा एवढंच ऐकू आलं."

मच्छिंद्र हसला. "मग काय तुझं नाव लावायचं? बाईच्या नावानं कधी शेती असती व्हय?"

"सुलतानची हाय की."

"तिचा दादला मेलाय म्हणून. तुझा जित्ता हाय अजून!" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसला आणि हात धुऊन बाहेर गेला.

मालनबाई चुलीपुढं बसून राहिली. पाच एकरांतली विरळणी तिनं केली, खुरपणी तिनं केली, वेचणीला बाया गोळा करून त्यांच्या पुढं तीच वाकली. मच्छिंद्रानं पाणी दिलं आणि गाडी जुंपली. पण नवल असं की तिला नवऱ्याचा राग आला नाही. नवऱ्याचं नाव यादीत असणं म्हणजे आभाळ वर असणं. ते तसंच असायचं. जळलं ते सुलतानच्या नावानं. कारण ती आपल्यासारखीच होती. आपल्यासारख्याच फाटक्या टाचांची, आपल्याच विहिरीवर पाणी भरणारी. ती वर चढली आणि आपण होतो तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून गावानं त्या जळणात तेल ओतायला सुरुवात केली. विहिरीवर रतनबाई म्हणाली, "आली गं सबशिडीवाली, वाट द्या!" सुलतानबी हसली, आणि मालनबाईला ते हसणं फुगलेलं दिसलं. पिठाच्या गिरणीत एकानं सुलतानबीचं दळण आधी घेतलं. सरपंचाच्या घरच्या नकुशीनं येऊन तिला विचारलं, "भाभी, आमच्याबी कापसाला लाल पान पडलंय, काय करायचं?" आणि सुलतानबीनं सांगितलं. अगदी मालनबाईच्या तोंडचे शब्द, शब्दाला शब्द. मालनबाई तिथंच रहाट ओढत उभी होती. सुलताननं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मालनबाईनं वाटी पाठवणं बंद केलं. सुलतानबीनं एकदा दारात येऊन विचारलं, "बरं न्हाई का गं?" तर आतूनच उत्तर गेलं, "काम हाय."

चावडीवर यादी डकवलेली होती. मालनबाईला वाचता येत नव्हतं, पण येता-जाता ती त्या कागदाकडं बघायची. एकदा शाळेचे मास्तर कुणाला तरी यादीच्या खालची बारीक ओळ वाचून दाखवत होते: "वरील यादीबाबत कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे." मालनबाईचे पाय थबकले.

"हरकत म्हंजी काय ओ मास्तर?" तिनं विचारलं.

"म्हणजे एखाद्याला पैसे मिळाले ते चुकीचे मिळाले, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं अर्ज करायचा. मग चौकशी होते."

मालनबाई घरी आली ती तो शब्द जिभेखाली धरून. चार वर्षांपूर्वीची गोष्ट तिला आठवली. सुलतानचा नवरा इलाही जाऊन सहा महिने झाले होते. पाटाच्या कडेला दोघी धुणं धूत होत्या. तेव्हा सुलतानबी आवाज खाली करून म्हणाली होती, "मालन, कुणाला बोलू नगंस. जमीन अजून त्यांच्याच नावावर हाय. त्यांच्या आन् माझे दीर अकबरभाईंच्या, सामाईक. वारसाची नोंद केली न्हाई मी. अकबरभाई दौंडात रेल्वेत हायत तवर बरं हाय, त्यांना शेतीची आठवण न्हाई. मी तलाठ्याकडं गेले की त्यांना आठवण हुईल." मालनबाईनं तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, "माझ्या पोटातून भाईर जायचं न्हाई."

चार वर्षं ते पोटात राहिलं. बाजारच्या दिवशी ते बाहेर पडलं.

वरवंडच्या बाजारात हमरस्त्यालगतच्या एका चहाच्या दुकानापुढं हौसराव म्हणून एक म्हातारा बसायचा. पूर्वी कचेरीत कारकून होता. आता लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मालनबाईनं त्याच्यापुढं कोंबडीची अंडी ठेवली आणि इकडंतिकडं बघत सगळं सांगितलं: जमीन बाईच्या नावावर नाही, तरी अनुदान बाईला मिळालं.

हौसरावानं टाक शाईत बुडवला. "अर्जदाराचं नाव?"

"नाव नगा घालू आप्पा. नुसतं लिव्हा, एक गावकरी."

"निनावी अर्ज टोपलीत जातो, बाई. नाव लागतंच. नवऱ्याचं घालू का?"

मच्छिंद्राचं नाव घातलं असतं तर गोष्ट सोपी होती. पण तिच्या आतून काहीतरी उसळून आलं. "न्हाई," ती म्हणाली. "माझंच घाला. मालनबाई मच्छिंद्र ताकवणे."

हौसरावानं लिहिलं. मग वाचून दाखवलं: "अर्जदार, मालनबाई मच्छिंद्र ताकवणे, राहणार उंबरमळा, धंदा शेती." धंदा शेती! हे तिनं सांगितलंही नव्हतं. तो म्हातारा आपल्या मनानंच लिहून गेला होता. सरकारी कागदावर तिचं नाव आणि तिचा धंदा ह्याआधी कुणी लिहिला नव्हता. तिनं "फिरून वाचा" म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना पुढचा मजकूर तिच्या कानात शिरलाच नाही. अंगठा उठवून ती निघाली तेव्हा तिचं पाऊल हलकं पडत होतं. घरी पोचेपर्यंत ते जड झालं, पण तोवर अर्ज टपालात गेला होता.

तिला वाटलं होतं, अर्ज जाईल, साहेबलोक आपापसात बघतील, गुपचूप सुलतानचं नाव खोडतील. पण ज्या हुकुमानं यादी भिंतीला लागली होती, त्याच हुकुमात पुढं लिहिलं होतं की आलेल्या हरकतीही हरकतदाराच्या नावासह तशाच डकवाव्यात. एक प्रत गावात, एक दौंडात समितीच्या फळ्यावर.

आठ दिवसांनी मच्छिंद्र दुपारचाच घरी आला. चेहरा काळाठिक्कर.

"काय करून बसलीस?" तो ओरडला. "चावडीवर तुझं नाव लागलंय. सगळं गाव वाचतंय. शेजारणीचं पोट मारायला निघाली, म्हणत्यात. मारुतराव मला चारचौघांत बोलले, मच्छिंद्रा, बायकोला आवर. काय तोंड दाखवू मी?"

"खोटं लिव्हलंय का त्यात?" मालनबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"खरं-खोटं कोण पुसतंय? तिनं तुझं काय खाल्लं हुतं?"

याला तिच्याजवळ उत्तर होतं, पण नवऱ्याला ते कळलं नसतं. सांगायला गेली असती तर तिलाही ते लहानच दिसलं असतं.

त्या संध्याकाळी ती पाण्याला गेली तेव्हा बायांनी वाट दिली. सुलतानबीला दिली होती तशी हसून नव्हे. गप्प राहून, जरा जास्तच बाजूला सरून. सुलतानबी विहिरीवर नव्हती. ती मालनबाईच्या दारातही आली नाही, शिव्या द्यायला नाही, विचारायला नाही. मालनबाई तीन दिवस भांडणाची वाट बघत राहिली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी आला तो अकबर. इलाहीचा धाकटा भाऊ. अंगात रेल्वेची निळी विजार, हातात डबा. दौंडच्या फळ्यावर त्यानं हरकत वाचली होती आणि त्याला शेतीची आठवण झाली होती. वाटेत त्यानं मालनबाईला गाठलं. "भाभी," तो म्हणाला, "तुमचे उपकार झाले. मला काय ठावं, माझ्या जमिनीवर सरकारचे पैसे येत्यात! चौकशीला साहेब येणार हायत. तुम्ही अर्जात लिव्हलंय तेवढंच तिथं सांगा. बाकीचं मी बघतो."

"बाकीचं म्हंजी काय?"

"जमीन माझी. भावाच्या मागं मीच न्हवं का? ती बाई आपली लेकीकडं जाईल, मेहरुनकडं, रांजणगावला."

मालनबाईच्या डोक्यावरची पाटी हलली. तिला सुलतानचं नाव यादीतून जायला हवं होतं. सुलतान गावातून जायला नको होती. पण हे ती अकबरला काय सांगणार, आणि कुठल्या तोंडानं?

चौकशीचे साहेब मार्गशीर्षात आले. चावडीत टेबल लावलं, तलाठ्यानं सात-बाराचे उतारे मांडले, शेजारी एक कारकून जबान्या लिहायला बसला. पुन्हा सगळं गाव जमलं. सुलतानबी एका खांबाला टेकून बसली होती. महिन्याभरात ती वाळली होती. तिनं मालनबाईकडं नजर टाकली नाही.

साहेबांनी आधी अकबरला विचारलं. तो पाठ करून आल्यासारखा बोलला. जमीन सामाईक, भावाच्या आणि त्याच्या नावावर. कापूस त्यानंच करवला. बी-खताला पैसे त्यानं पाठवले, राबायला माणूस त्यानं लावला. भाभी नुसती राखणीला होती.

सुलतानबी उठली. "खोटं हाय सायेब. अकबरभाई चार वर्षांत बांधावर आलं न्हाईत."

"साक्षीदार आहे कुणी?"

सुलतानबीची लेक लांब, नवरा गेलेला. ती चाचरली. माणसं एकमेकांकडं बघू लागली. भावकीच्या भांडणात कोण पडणार? तलाठी म्हणाला, "साहेब, लगतचा शेतकरी वहिवाटीचा खरा साक्षी. लगतचं शेत ताकवण्यांचं आहे. हरकतही त्यांच्याच घरातून आलीय."

"अर्जदार मालनबाई कोण?"

मालनबाई उठली. अकबर तिच्याकडं बघून मान हलवत होता, जणू ठरलेलंच होतं सगळं.

"बाई, तुमचं म्हणणं, जमीन सुलतानबींच्या नावावर नाही. ते उताऱ्यावरून खरं दिसतंय. आता एवढंच सांगा, ह्यांनी माणूस लावून कापूस केला, हे बरोबर आहे?"

नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द. सुलतानचं नाव खोडलं गेलं असतं, मालनबाईचा अर्ज खरा ठरला असता. पण "माणूस लावून" हे शब्द तिच्या डोक्यात गेले आणि तिचं रक्त तापलं. म्हणजे तिनं जे शिकवलं, दोरीला मारलेल्या गाठी, शेणकाल्यात चोळलेली सरकी, ते सगळं आता अकबरच्या कुणा भाड्याच्या माणसाचं झालं! आधी सुलताननं ते तिच्याकडून नेलं, आता हा सुलतानकडून नेणार!

"कोण माणूस?" ती अकबरकडं वळून म्हणाली. "नाव सांगा त्याचं."

"हुता एक. दौंडचा."

"बरं. सरकी कशात चोळली त्यानं?"

"सरकी?" अकबर गडबडला. "पाण्यात भिजवली असंल."

बायांत खसखस पिकली. मालनबाई पुढं सरकली. आता तिला साहेब दिसत नव्हते. "पाण्यात भिजवली तर गोळा हुतोय गोळा! शेणकाल्यात चोळावी लागती, राख लावून. नांगं किती वेळा भरलं?"

"ते... भरलं असंल एकदा."

"तीनदा! पहिल्यांदा पावसानं दडपली म्हणून, दुसऱ्यांदा किड्यानं खाल्ली म्हणून, तिसऱ्यांदा पाटाचं पाणी फुटून वरच्या चार सऱ्या वाहून गेल्या म्हणून. त्या दिशी हिला ताप हुता सायेब, अंगावर घोंगडं घेऊन ती चिखलात बसून टोकत हुती. मी म्हणलं, उद्या कर. तर म्हणली, उद्या वापसा जाईल, जमीन वाळंल. मावा पडला तवा आठ दिस रोज दिस उगवायच्या आत राख मारली, दव हाय तवर. शेंडं खुडताना बोटं चिरली तिची. पाण्याची पाळी रातची आली तर ही एकटी बाई कंदील घेऊन सऱ्यांची दारं मोडायला गेली. कोण दौंडचा माणूस? ह्या बांधावर मी रोज हाय. मला दिसला न्हाई तो?"

ती बोलत सुटली. कुठल्या दिवशी काय, कुठल्या सरीत काय. तलाठी पीकपाहणीच्या वहीशी ते ताडून बघत होता आणि माना डोलावत होता. ती थांबली तेव्हा तलाठ्यानं वही मिटली.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "कष्ट सुलतानबींनी स्वतः केले."

मालनबाईनं ओठ दाबले. खांबाजवळून सुलतानबी तिच्याकडं बघत होती, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

"कष्ट तिचं," मालनबाई म्हणाली. "पण अक्कल माझी. सगळं मी शिकिवलंय तिला. तेबी लिव्हा."

कारकुनानं जबानी वाचून दाखवली. "सुलतानबी इलाही मुलाणी ह्यांनी सदर दोन एकरांत स्वतः मशागत केली असून वहिवाट त्यांचीच आहे, असे लगतची शेतकरी म्हणून मी सांगते."

"आन् माझं?"

"त्याला रकाना नाही, बाई," कारकून म्हणाला, आणि त्यानं अंगठ्यासाठी शाई पुढं सरकवली.

निकाल लागला तो असा: अनुदान कायम, वहिवाट सुलतानबीची. पण नावाचं घोंगडं भिजत ठेवू नका, वारसाची नोंद करून घ्या, असं साहेबांनी बजावलं. आणि नोंद करायची म्हणजे अकबरची सही हवी होती. गावच्या पंचांनी दोन दिवस घासाघीस करून त्याला राजी केलं. बदल्यात पाटाच्या तोंडाशी असलेले, पहिलं पाणी घेणारे वीस गुंठे त्याच्या नावावर गेले. त्यानं ते लगेच दुसऱ्याला खंडानं दिले. सुलतानबीजवळ दीड एकर राहिला.

गाव म्हणालं, मालनबाईनं शेवटी खरी साक्ष दिली. मच्छिंद्रही जरा निवळला. पण मालनबाईला बांधावरून ते वीस गुंठे रोज दिसायचे. तिथं आता परका माणूस औत धरायचा.

नोंद झाल्यावर दोन-तीन दिवसांनी सुलतानबी तिच्या अंगणात आली. मालनबाई शेंगा निवडत होती. "बस," असं ती म्हणाली, पण सुलतानबी उभीच राहिली.

"वीस गुंठं गेलं," सुलतानबी म्हणाली.

मालनबाईचे हात शेंगांत थांबले.

"मी इस्वासानं सांगितलं हुतं तुला. धुणं धुताना."

"व्हय."

"का केलंस गं?"

मालनबाईनं मान वर केली. "तू दोन हात म्हणलीस. भर सभेत. ते दोन हात कुणी शिकिवलं ते म्हणली न्हाईस."

"एवढंच?" सुलतानबी हळूच म्हणाली. "एकदा सांगायचंस तरी. विहिरीवर सांगायचंस, भांडायचंस. मी सभेत उभी राहून तुझं नाव घेतलं असतं."

"घेतलं नसतंस."

सुलतानबी खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं. "न्हाई," ती म्हणाली. "घेतलं नसतं. खरं सांगू? तुझं नाव माझ्या तोंडात आलं हुतं तवा. मी गिळलं. जन्मात एकदा माझ्यासाठी टाळ्या पडल्या हुत्या. त्यात कुणी वाटेकरी नगं वाटला."

मग सुलतानबी खाली वाकली, मूठभर शेंगा उचलल्या आणि उभ्या उभ्याच दोन फोडून तोंडात टाकल्या. "खवट हायत," ती म्हणाली आणि गेली.

पूर्वीचा शेजार काही परत आला नाही. वाट्यांची ये-जा थांबली ती थांबलीच. बोलणं व्हायचं ते कामापुरतं, बांधावरून: पाळी कधी हाय, बैल मोकळा सुटलाय, वेचणीला बाया मिळाल्या का. पण सुलतानबीला कुणी कापसाचं विचारलं तर ती आता म्हणायची, "मला काय पुसता? मालनला पुसा, तिच्या माहेरचं पीक हाय ते." हे मालनबाईच्या कानावर यायचं. आलं की त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं नाही.

पुढच्या जेठात मच्छिंद्रानं सरकीचं पोतं आणून तिच्यापुढं टाकलं. मालनबाई म्हणाली, "बांधालगतच्या एकरावर वहिवाटीला माझं नाव लावा. मग चोळते."

"येड लागलंय का?"

"मग चोळा तुम्हीच."

मच्छिंद्रानं खरंच चोळली. दोन दिवस तो शेणात माखून बसला, पोरांना कामाला लावलं, आणि पेरलं तर अर्ध्या सऱ्या मोकळ्या निघाल्या. आठव्या दिवशी तो डोक्याला मुंडासं गुंडाळून मुकाट्यानं तलाठ्याकडं गेला. परत येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "लावलं. आता नांगं भर."

मालनबाईनं खुरपं घेतलं. त्या सालापासून तो एकर ती स्वतःचा म्हणून करू लागली, आणि चांगला करू लागली. रोज सकाळी शेतावर जाताना मात्र ती सुलतानबीच्या बांधाशी थांबायची. इकडंतिकडं बघायची, वाकून एखादं बोंड बोटांत धरायची, आपल्यापेक्षा मोठं भरतंय का ते अजमावायची. ते बघितल्याशिवाय तिचं पाऊल पुढं पडत नसे.